देह प्रदर्शनात मांडायचा, तर ज्याचा त्याला विचारून

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मुलीकडे नेदरलँड्सला गेले असताना ॲमस्टरडॅममधलं 'बॉडी वर्ल्ड्स' पाहिलं. तिथे जतन केलेले खरे मानवी देह मांडले आहेत. गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ साली हायडलबर्गमध्ये शोधलेल्या पद्धतीत शरीरातलं पाणी आणि चरबी ॲसिटोनने काढून त्या जागी सिलिकॉनसारखं रसायन मुरवतात. मग देहाला ना वास येतो, ना तो कुजतो. रक्तवाहिन्यांचं ते लाल जाळं आणि सिगारेटने काळवंडलेली फुप्फुसं पाहताना वाटलं, हे आपल्या मुलांनाही बघायला मिळालं पाहिजे.

त्या देहांसमोर मी निर्धास्त उभी राहू शकले, कारण दात्यांनी जिवंतपणी लेखी संमती दिली होती, असं आयोजक सांगतात. सगळीकडे असं नसतं. चीनमधून आणलेल्या देहांचं अशाच धर्तीचं दुसऱ्या एका कंपनीचं प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरलं होतं. हे देह मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे नाहीत याची खात्री आम्ही देऊ शकत नाही, असं त्या कंपनीला २००८ साली सरकारी चौकशीनंतर जाहीरपणे लिहावं लागलं. फ्रान्समध्ये तर २००९ साली न्यायालयाने असं प्रदर्शन बंदच केलं. मेल्यानंतरही माणसाच्या देहाचा मान राखायचा असतो, हे तिथल्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

आपल्याकडे १९४९ चा ॲनाटमी ॲक्ट आहे. त्यानुसार बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना शिकवण्यासाठी मिळतात. फुटपाथवर किंवा सरकारी रुग्णालयात एकट्याने गेलेली ही माणसं. त्यांच्या देहांवर शिकूनच आपले डॉक्टर तयार होतात. ते ऋण मोठंच आहे. पण शिकवणं वेगळं आणि तिकीट लावून गर्दीला दाखवणं वेगळं. उद्या असं प्रदर्शन इथे भरलं, तर देह कुठून आले हे विचारणार कोण?

म्हणून विनंती अशी, की देहदानाच्या अर्जात सार्वजनिक प्रदर्शनासाठी वेगळा रकाना ठेवा. मी देहदानाचा अर्ज भरला आहे. त्या रकान्यात मी आनंदाने 'हरकत नाही' लिहीन. बेवारस ठरलेल्यांना कोणी काही विचारलेलंच नसतं. त्यांचे देह प्रदर्शनात मांडता येणार नाहीत, आणि परदेशातून आणलेल्या प्रत्येक देहासोबत दात्याची लेखी संमती हवीच, हे कायद्यात निःसंदिग्ध लिहा. येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती आपण मांडावी.

आपली,
देहदानाचा अर्ज भरलेली एक नागरिक