खोदलेली गल्ली पूर्ण करा, मगच पुढची खोदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शहराच्या जुन्या भागात पिण्याच्या पाण्याची वितरण वाहिनी आणि भुयारी गटार अशी दोन्ही कामे सध्या एकाच वेळी सुरू आहेत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पहिली गल्ली खोदली गेली, तेव्हा पावसाळ्यापूर्वी रस्ता पूर्ववत करून देऊ, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात श्रावणात कानबाईची मिरवणूक त्याच गल्लीतून चिखल तुडवत न्यावी लागली आणि तोपर्यंत शेजारच्या गल्ल्याही खोदून झाल्या होत्या. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. खानदेशात इतरत्र जिथे असे काम चालू आहे, तिथल्या नातेवाइकांकडूनही मी हेच ऐकतो. त्यामुळे दोष एका पालिकेचा किंवा एका ठेकेदाराचा मानून भागणार नाही. कामाची पद्धतच तपासावी लागेल.

कामाला माझा विरोध नाही, हे आधी स्पष्ट करतो. नोकरीची बहुतेक वर्षे मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर काढली आहेत आणि जुन्या वाहिन्या बदलणे किती निकडीचे आहे, हे मला चांगले ठाऊक आहे. आपल्या शहरांच्या जुन्या वस्तीत बिडाचे आणि सिमेंटचे पाइप अजून जमिनीखाली आहेत, आणि त्यांच्यावरून घरोघरी गेलेल्या लोखंडी नळ्या कित्येक ठिकाणी उघड्या गटारीच्या तळातून किंवा भिंतीतून गेलेल्या आहेत. त्यात आपल्याकडे पाणी रोज येत नाही. कुठे दोन दिवसांआड, कुठे त्याहून उशिरा येते. पाणी बंद असते त्या काळात वाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि सडलेल्या नळीच्या भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाते. कमी दाबामुळे लोक नळाला थेट विजेचा पंप लावतात, त्याने ही ओढ आणखी वाढते. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची जी साथ आली आणि ज्यात माणसे दगावली, ती आठवली की जुन्या वाहिन्या बदलण्याच्या खर्चाबद्दल कोणी तक्रार करणार नाही. 25 जून 2015 रोजी शहरांच्या पाणीपुरवठा आणि गटारांच्या कामांना निधी देणारे केंद्र सरकारचे अमृत अभियान सुरू झाले आणि जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ ही शहरे त्यात आली. 1 ऑक्टोबर 2021 पासून अमृत 2.0 मध्ये लहान नगरपालिकांनाही वाट मिळाली. ही संधी खानदेशाने सोडता कामा नये.

प्रश्न आहे तो काम मोजण्याच्या रीतीचा. पालिकेच्या बैठकीत किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत प्रगती सांगितली जाते ती अशी की, इतक्या किलोमीटरपैकी इतके किलोमीटर पाइप टाकून झाले. मोजवहीत नोंद होते ती खोदाईच्या घनमीटरची आणि पाइपच्या मीटरची, आणि चालू देयक निघते तेही मुख्यतः त्यावरच. वाहिनीची दाबचाचणी, तिचे निर्जंतुकीकरण, प्रत्येक घराचा नळ नव्या वाहिनीवर घेणे, जुनी वाहिनी कायमची बंद करणे, चर थराथराने भरणे आणि रस्ता पूर्ववत करणे ही कामे वेळखाऊ असतात आणि त्यांची रक्कम त्या मानाने थोडी असते. साहजिकच यंत्रे पुढच्या गल्लीत जातात आणि मागे राहिलेल्या गल्लीत फक्त आश्वासन उरते. ठेकेदार वाईट आहे म्हणून असे होते असे मी म्हणत नाही. ज्या कामाचे पैसे लवकर मिळतात ते काम आधी होणारच.

याचे परिणाम घराघरांत दिसतात. आमच्या गल्लीत नवा पाइप जमिनीत आहे, पण त्यात पाणी नाही. पाणी अजून जुन्याच वाहिनीतून येते, आणि ती वाहिनी खोदाईत इतक्या ठिकाणी दुखावली गेली आहे की, नळाला आलेले पहिले काही हंडे गढूळ पाणी फेकून द्यावे लागते. जेसीबीने तुटलेली नळी कोणी जोडायची, यावर ठेकेदाराची माणसे आणि पालिकेचे कर्मचारी एकमेकांकडे बोट दाखवतात. शेवटी घरमालक स्वतःच्या पैशाने प्लंबर आणतो, आणि ते जोडकाम घाईघाईने चिखलातच होते. ज्यांच्याकडे वरची टाकी आहे ते दोन दिवस काढतात. भाडेकरूंच्या खोलीत दोन पिंप आणि काही कळश्या एवढीच साठवण असते, त्यांना जारचे पाणी विकत घ्यावे लागते. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असले की पाण्याची ही अनिश्चितता किती जीवघेणी होते, हे त्या घरातल्या बाईला विचारावे.

खोदलेला चर भरण्याबाबत मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्या भागात सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात, हे कपाशीच्या मुलखात कोणाला सांगायला नको. या मातीत पाइप तसाच ठेवला, तर दर पावसाळ्याला आणि दर उन्हाळ्याला त्याच्याखालची जमीन हलते आणि सांधे सैल होतात. म्हणून पाइपखाली वाळूची किंवा बारीक मुरमाची गादी हवी, पाइपच्या दोन्ही अंगांना तेच साहित्य दाबून भरलेले हवे आणि वरचा भरावही पाणी मारून, धुम्मस करून, थराथराने व्हायला हवा. प्रत्यक्षात खोदून काढलेली तीच काळी माती, तिच्यातल्या दगडगोट्यांसह आणि जुन्या डांबराच्या तुकड्यांसह, एकदम आत लोटली जाते. पहिल्या मोठ्या पावसात हा भराव बसतो, गल्लीच्या मधोमध लांबच लांब खोलगट पट्टा तयार होतो, पावसाचे पाणी त्यातून पाइपपर्यंत उतरते आणि ज्या वाहिनीचे आयुष्य अनेक दशकांचे सांगितले होते, तिची गळती काही वर्षांतच सुरू होते. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत वेगळीच अडचण आहे: तिथे खोल चराच्या कडा ढासळतात. गटारासाठी माणसाच्या उंचीपेक्षा खोल उतरलेल्या चरात मजूर फळ्यांचा आधार नसताना काम करताना मी पाहिले आहेत. रहिवाशांच्या गैरसोयीबद्दल बोलताना या मजुरांच्या जिवाचा विषय मागे पडू नये.

बसलेल्या भरावावर लगेच काँक्रीट ओतण्याची घाई तर त्याहून वाईट. काँक्रीटला तडे जातात, आणि मग दुरुस्ती म्हणून त्यावर आणखी एक थर चढतो. आमच्या भागातली जुनी घरे मुळात रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच होती. थरावर थर चढत गेल्याने आता काही घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले आहेत आणि पाऊस लागला की गल्लीतले पाणी पुढच्या खोलीत येते. रस्ता पूर्ववत करणे याचा अर्थ जुनी पातळी राखणे असाही आहे, आणि त्यासाठी वरचा जुना थर खरवडून काढावा लागतो.

पाण्याची वाहिनी आणि गटार यांमधील अंतर हा आणखी गंभीर मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेनुसार या दोन वाहिन्यांमध्ये आडवे अंतर किमान 3 मीटर असावे. जागेअभावी ते शक्य नसेल, तर पाण्याची वाहिनी वेगळ्या चरात किंवा गटाराच्या बाजूच्या न खोदलेल्या जमिनीच्या पायरीवर अशी ठेवावी की, तिचा तळ गटाराच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर वर राहील. आमच्या गल्ल्यांची पूर्ण रुंदीच काही ठिकाणी 3 मीटर भरत नाही, तेव्हा पहिली अट पाळता येणार नाही हे मान्य. पण म्हणूनच दुसरी अट काटेकोरपणे पाळली गेली पाहिजे, आणि ती पाळली की नाही हे चर बुजवण्याच्या आधीच कळू शकते. एकदा माती पडली की उरतो तो फक्त कागदावरचा आराखडा. प्रत्येक छेदनाच्या ठिकाणी मोजपट्टी लावून काढलेले छायाचित्र पालिकेने जतन करावे, एवढे करायला कोणताही वेगळा निधी लागत नाही.

भुयारी गटाराच्या बाबतीत रहिवाशांना अजून एक गोष्ट कोणी नीट सांगितलेली नाही. आपल्याकडची जुनी घरे अरुंद आणि लांब असतात. पुढे ओटा, मग खोल्यांची रांग, आणि शौचालय अगदी मागे. गटार मात्र पुढच्या रस्त्यात आहे. मागचे शौचालय त्याला जोडायचे, तर नळी घराच्या पोटातून, फरशी फोडून, पुरेसा उतार देत आणावी लागेल. हा खर्च कोणी करायचा, घराबाहेरचा चेंबर किती खोलीवर मिळणार, ज्यांच्या मागच्या अंगणाची पातळी खाली आहे त्यांचे काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर आमच्याकडे नाही. या प्रश्नांची उत्तरे चर उघडा असतानाच मिळाली नाहीत, तर बहुतेक घरे सेप्टिक टँकवरच राहतील, सांडपाणी पूर्वीप्रमाणे उघड्या गटारीत वाहील आणि इतका खर्च करून टाकलेले गटार कोरडे पडेल. गटारातली घाण पुढे वाहत राहण्यासाठी त्यात पुरेसे पाणी लागते. थोडीच घरे जोडलेली असली की मैला जागोजागी साचतो आणि चेंबर तुंबतात.

या सगळ्यात रोजच्या जगण्याची ओढाताण होते ती निराळीच. खोदलेल्या गल्लीत रुग्णवाहिका येत नाही, म्हणून गुडघ्याने अधू झालेल्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून चौकापर्यंत उचलून न्यावे लागते. गॅसची गाडी कोपऱ्यावर थांबते. किराणा, शिलाई, पीठगिरणी अशा लहान धंद्यांचे गिऱ्हाईक महिनोन्महिने दुसरीकडे वळते आणि ते सगळे परत येतेच असे नाही.

प्रशासनाची बाजूही मला ठाऊक आहे. निधीला मुदत असते, मुदतीत खर्च दाखवावा लागतो, म्हणून अनेक ठिकाणी एकदम काम उघडावे लागते, असे सांगितले जाते. अनेक तुकड्यांनी एकाच वेळी काम करण्याला हरकत नाही. हरकत आहे ती एकाच तुकडीने एकामागून एक गल्ल्या अर्धवट सोडण्याला. म्हणून माझी मागणी अशी की, प्रत्येक तुकडीला एका वेळी दोन व्हॉल्व्हमधला एक टप्पा द्यावा. आधी खोलवरचे गटार, मग पाण्याची वाहिनी, मग दाबचाचणी, मग क्लोरीनने निर्जंतुकीकरण, मग घरोघरचे नळ आणि चेंबर, मग जुन्या वाहिनीचे तोंड बंद करणे आणि शेवटी भराव व रस्ता, हा क्रम पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याची खोदाई मंजूर करू नये. चालू देयकाचा मोठा हिस्सा या टप्प्याच्या पूर्ततेला जोडावा. नवा नळ सुरू झाल्यावर टोकाच्या घरी पाण्याची तपासणी व्हावी. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवे आणि 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जिवाणू अजिबात आढळता कामा नये. हा अहवाल गल्लीच्या तोंडाशी लावावा.

देखरेखीसाठी रहिवाशांनाही सामील करून घ्यावे. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीचे, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यातून पाटाने शेतांना येणारे पाणी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत वाटून घेतले. पाट साफ करण्याचे काम लाभधारक मिळून करत आणि पाळीवर लक्ष ठेवायला त्यांनी नेमलेला पाटकरी असे. पाण्याची राखण कशी करायची, हे इथल्या माणसांना शिकवावे लागणार नाही. प्रत्येक गल्लीतून दोघे-तिघे, त्यांत निदान एक महिला, अशी लहान समिती नेमून तिला आराखड्याची प्रत द्यावी, आणि टप्पा पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर अभियंत्याच्या सहीबरोबर या समितीचीही सही घ्यावी.

तूर्त आमच्या मुख्याधिकाऱ्यांकडे एवढीच विनंती आहे की, आजवर खोदलेल्या सर्व गल्ल्यांची यादी, त्यांतील चाचणी झालेल्या वाहिन्या, नव्या वाहिनीवर आलेले नळ आणि राहिलेले नळ अशा नोंदींसह पालिकेच्या फलकावर आणि आपल्या वृत्तपत्रातून प्रसिद्ध करावी, आणि या यादीतील गल्ल्या पूर्ण होईपर्यंत नव्या गल्लीत यंत्र लावू नये.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ नागरिक,
खानदेश