नौदलाची सुधारणा खालच्या डेकवरून मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नौदल दिनाच्या आसपास आपल्या पेपरात नौदलातल्या बदलांवर जे काही छापून आलं ते सगळं मी वाचलं. नवीन जहाजं, नवीन झेंडा, स्वदेशी, चांगलं लिहिलं होतं आणि त्यातलं काही खोटं नाही. पण त्यात खलाशी, म्हणजे खालच्या डेकवरचा माणूस, कुठंच नव्हता, म्हणून हे पत्र लिहून राहिलो. मी इंजिन रूमचा माणूस. आधी ओडिशातलं चिल्का, मग लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, ही दोन्ही नौदलाची ट्रेनिंग केंद्रं, मग जहाजं, पेन्शन होईपर्यंत तेच केलं आणि आता आर्वी तालुक्यात कपाशी आणि तूर करतो. नौदलानं मला घडवलं, पोराबाळांचं शिक्षण त्याच पगारावर झालं, त्यामुळं खाली जे लिहितो ते विरोधात आहे असं कोणी समजू नये.

इकडं लोक विचारतात की भाऊ, वर्ध्यात बसून नेव्हीचं कायले घेऊन बसला, आपल्याले समुद्र कुठं आहे. समुद्र आपल्या धुऱ्यापर्यंत आलेला आहे राजेहो, दिसत नाही एवढंच. आपण पोटॅश टाकतो ते सगळं बाहेर देशातून जहाजानं येते, डीएपी खत आणि त्याचा कच्चा माल बराचसा तसाच येते, डिझेलचं क्रूड तसंच, आणि ज्या पामतेलामुळं आपल्या सोयाबीनचा भाव हलते ते पण जहाजातच येते. देशाचा परदेशी व्यापार वजनानं मोजला तर साधारण ९५ टक्के समुद्रावरून होते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हूथींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा कितीतरी जहाजं सुएझ सोडून पार आफ्रिकेच्या खालून वळसा घालून जाऊ लागली, दिवस वाढले, भाडं वाढलं, विमा वाढला, आणि असा खर्च फिरत फिरत शेवटी कृषी केंद्राच्या काउंटरवर येते. म्हणून नौदल कसं चालते, कोण चालवते, पैसा कशावर लावते हे विचारायचा हक्क मुंबई-कोकणवाल्यांना जेवढा आहे तेवढाच आपल्याला आहे.

आता बदलाचं. नौदलानं आपली प्रायॉरिटी बदलणं ही काही आजची गोष्ट नाही. १९७१ मध्ये ॲडमिरल नंदा प्रमुख होते, किनाऱ्याच्या राखणीसाठी घेतलेल्या छोट्या मिसाईल बोटी त्यांनी कराचीवर धाडल्या, निपात, निर्घात आणि वीर, ४ डिसेंबरच्या रात्री. ही वस्तू कशासाठी घेतली होती ते बाजूला ठेवून आज तिच्याकडून काय करून घेता येईल हे ज्याला दिसते आणि त्याची जबाबदारी जो स्वतःवर घेते त्याला मी लीडर म्हणतो. तेव्हा नजर पाकिस्तानच्या किनाऱ्यावर होती. मग २००८ च्या ऑक्टोबरपासून एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध जहाज ठेवणं सुरू झालं, त्याच वर्षी २६/११ ला अतिरेकी समुद्रातूनच आले आणि किनाऱ्याच्या सुरक्षेचीही मोठी जबाबदारी नौदलावर आली, आणि २०१७ पासून तर होर्मुझपासून मलाक्कापर्यंत मोक्याच्या जागी जहाजं कायमच ठेवायची असं ठरलं. कारण चीनच्या पाणबुड्या आणि जहाजं हिंदी महासागरात यायला लागली. त्याचं फळ पण दिसलं, २०२४ च्या मार्चमध्ये एमव्ही रुएन नावाचं पळवलेलं जहाज आयएनएस कोलकातानं गाठलं, वरून विमानातून मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो, उतरवले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी जिवंत सुटले. भारताच्या किनाऱ्यापासून अडीच हजार किलोमीटरच्या वर लांब! अशी कामगिरी आपल्या आधीच्या पिढीनं पाहिली नव्हती आणि मी ती बातमी गावात चारचौघांना वाचून दाखवली होती.

पण साहेब, जहाज कायम बाहेर ठेवायचं म्हणजे काय होते ते इंजिन रूमवाल्याला विचारा. वॉच, म्हणजे पाळ्या, चार-चार तासांच्या, खाली उकाडा असा की आपला मे महिना थंड वाटावा, मशीन थांबत नाही, आणि बंदराला लागलं की अफसर आणि बरीच क्रू लिबर्टीवर, म्हणजे सुट्टीवर किनाऱ्यावर फिरायला, जाते पण खालच्या माणसाचं काम तेव्हाच सुरू होते, कारण मशीन उघडायला तेव्हाच भेटते. विहिरीवरचा पंप तुम्ही सीझनभर रात्रंदिवस चालवला आणि सर्व्हिसिंग पुढं पुढं ढकलली तर तो ऐन पाण्याच्या दिवशी जळते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जहाजाचं रिफिट, म्हणजे डॉकमधली मोठी दुरुस्ती, तीपण तशीच, फक्त तिथं पंपासोबत माणूस जळते.

आणि जळाली आहेत. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या डॉकयार्डात आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले, १८ जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्न पाणबुडीत आग, दोन अफसर गेले. डिसेंबर २०१६ मध्ये आयएनएस बेतवा ही युद्धनौका डॉकमध्ये आडवी झाली, दोन खलाशी गेले. जानेवारी २०२२ मध्ये आयएनएस रणवीर युद्धनौकेवर स्फोट, तीन गेले. २१ जुलै २०२४ ला आयएनएस ब्रह्मपुत्रा युद्धनौका रिफिटमध्ये असताना पेटली, नंतर कलली, एक लीडिंग सीमन, म्हणजे खलाशीच, गेला. यातली एकही लढाई नव्हती. खुक्री ही युद्धनौका बुडाली १९७१ च्या लढाईत तेव्हा १८ अफसर आणि १७६ खलाशी गेले, तिचे कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, त्या बलिदानापुढं आपण मान झुकवतो. पण डॉकयार्डात मेलेल्या पोराच्या आईला आपण काय सांगायचं, हे मला आजवर कोणी सांगितलं नाही.

इथं लीडरशिपचा मुद्दा येते. सिंधुरत्नची आग लागली त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्यांचा कार्यकाळ अजून बराच बाकी होता. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, आपल्या देशात खुर्ची अशी कोण सोडते. पण पुढं काय झालं पहा, राजीनामा लगेच मंजूर झाला, नवीन कायम प्रमुख नेमायला सात आठवडे लागले, आणि ज्यांच्या टेबलावर पाणबुड्यांच्या बॅटऱ्यांच्या आणि सुट्या भागांच्या फायली पडून राहायच्या त्या दिल्लीतल्या साहेबांपैकी कोणी पुढं येऊन हो, उशीर आमच्याकडून झाला असं म्हणल्याचं मी तरी ऐकलं नाही. एक चांगला माणूस गेला आणि पद्धत तशीच राहिली असं होऊ नये. जबाबदारी वरून खालपर्यंत आणि नौदलाच्या बाहेर मंत्रालयापर्यंत जायला पाहिजे, नाहीतर दर अपघाताला एक कॅप्टन बाजूला करायचा आणि फाईल बंद.

काही सुधारणा खरंच चांगल्या झाल्या आणि त्याबद्दल पेपरात कमी आलं. २०२३ मध्ये अफसरांच्या प्रमोशनसाठी ३६० डिग्री मूल्यमापन आणलं, म्हणजे हाताखालच्या आणि बरोबरीच्या लोकांनापण विचारायचं की हा साहेब कसा आहे, लढाईत याच्या मागं जाल का. आमच्या काळात असं काही कोणी बोललं असतं तर लोक त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले असते. साहेबांनी हातात बेटन, म्हणजे छडी, घेऊन फिरणं पण त्याच वर्षी बंद केलं. बाईच्या बाबतीत तर १७ मार्च २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला म्हणून अफसर बायांना पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा, रस्ता मोकळा झाला, पुढं २०२३ च्या डिसेंबरमध्ये प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकटच्या कमांडिंग ऑफिसर म्हणून नेमणूक जाहीर झाली, युद्धनौकेची कमांड बाईकडं पहिल्यांदा, आणि चिल्कातून पास झालेल्या पहिल्या अग्निवीर बॅचमध्ये २७० च्या वर मुली होत्या. आमच्या गावात सकाळी डांबरी रोडवर पोट्टे भरतीसाठी पळून राहिले, त्यात आता दोन-तीन पोरीपण आहेत, हे पाहून बरं वाटते.

पण अग्निवीरचं मला पटत नाही, आणि हे मी राजकारण म्हणून लिहीत नाही. चार वर्षं ठेवायचं, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत लोकांना पुढं घ्यायचं आणि बाकीच्यांना सेवानिधीचे दहा-अकरा लाख देऊन घरी पाठवायचं. पायदळाचं मला माहीत नाही, त्यांनी त्यांचं बोलावं. जहाजावर मात्र गॅस टर्बाइनचा आवाज ऐकून काय बिघडलं ते ओळखणारा माणूस चार वर्षांत होत नाही, चिल्काचे चार महिने आणि ट्रेड ट्रेनिंग काढलं तर हातात राहते किती? तो नुकता कामाचा होते आणि त्याचा निरोप समारंभ येते. अनुभवी पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांतले वरचे जाणते लोक, कमी आणि शिकाऊ जास्त असं जहाज कायम समुद्रात ठेवायचं, आणि रिफिट करताना आग लागू नये अशी अपेक्षापण करायची, या दोन गोष्टी जुळत नाहीत. पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ च्या शेवटी भरतात. त्यातली टेक्निकल ट्रेडची पोरं तरी नौदलानं जास्तीत जास्त ठेवून घ्यावी, नियम सैन्याच्या तिन्ही दलांना एकच असलाच पाहिजे असं काही नाही.

झेंडा बदलला, २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत या विमानवाहू जहाजावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी खूण आली, मला मनापासून आवडला, डोळे भरून आले. पदांची नावं भारतीय परंपरेप्रमाणं ठेवणार असं ४ डिसेंबर २०२३ ला सिंधुदुर्गात पंतप्रधानांनी जाहीर केलं, ठेवा, चांगलंच आहे. पण महाराजांच्या आरमाराचं नाव घ्यायचं तर विजयदुर्ग-सिंधुदुर्गाची डागडुजी, गलबतं बांधणारे सुतार, दर्यावर्दी कोळी-भंडारी, त्यांच्या पोटापाण्याचा हिशोब, हे पण सोबत घ्यावं लागते, नुसतं चिन्ह घेऊन भागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल मरीन विमानांचा ६३ हजार कोटींच्या घरातला करार झाला. विमानं पाहिजेतच, विक्रांतवर विमान नसलं तर काय उपयोग. माझं एवढंच म्हणणं की त्याच्या शेजारी डॉकयार्डाच्या अग्निशमन यंत्रणेवर, बॅटऱ्यांवर, सुट्या भागांवर किती गेले हा आकडापण तेवढ्याच मोठ्या अक्षरात सांगा.

म्हणून माझ्या मागण्या अशा. विदर्भातले आपले खासदार लोकसभेत कापूस, रेल्वे आणि खतावर बोलतात, त्यांनी एकदा उभं राहून विचारावं की सिंधुरक्षकपासून ब्रह्मपुत्रापर्यंतच्या चौकशी अहवालांतल्या किती शिफारशी अमलात आल्या, गुप्त भाग सोडून बाकीचं सांगा. दुसरं म्हणजे आपल्या पोरांना पोहणं येत नाही, पहिल्यांदा पाण्यात पडतात ते चिल्काला, आणि तिथं घाबरतात. तालुक्याच्या क्रीडा संकुलात एक धड चालू असलेला तलाव आणि शिकवणारा माणूस द्या, नाहीतर अप्पर वर्धा धरणाचं एवढं पाणी आहे, तिथं सुरक्षित जागा करून द्या. आणि आपल्या पेपरानं नौदलाच्या भरतीची जाहिरात आली की ती जिल्हा पानावर ठळक छापावी, दहावीवर एमआर (मॅट्रिक रिक्रूट) आणि बारावीला गणित-फिजिक्स असलं की एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) ही भरती, पोरांना धावणं १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, एवढं जरी छापलं तरी पुष्कळ आहे, कारण इकडच्या पोट्ट्यांना आर्मी आणि पोलीस सोडून तिसरी भरती असते हेच कोणी सांगत नाही, आणि फॉर्मची तारीख निघून गेल्यावर ते माझ्याकडं येतात.

आपला,
एक माजी नौसैनिक आणि शेतकरी,
ता. आर्वी, जि. वर्धा