बासचा वसंत थर्मामीटरवर मोजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या तळ्यांवर वसंतात बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गळाने कसा पकडतात, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख वाचनीय आहे, छायाचित्रेही देखणी आहेत. पण ‘मार्चमध्ये हे आमिष, एप्रिलमध्ये ते’ असा जो तक्ता दिला आहे, तो नवख्या माणसाला फसवणार. फ्लोरिडात लार्जमाउथ बासची वीण जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होते, मिनेसोटात ती मे महिना उतरणीला लागल्यावर. एप्रिलचा एकच सल्ला दोन्हीकडे कसा लागू पडेल? वसंतात या माशाचे येणे-जाणे, खाणे, घरटे करणे सगळे पाण्याच्या तापमानाला बांधलेले असते. तक्ता करायचाच तर अंशांचा करावा.

हिवाळाभर खोलात पडून असलेला बास पाणी ४८-५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ९-१० सेल्सिअसला आले की काठाकडे सरकू लागतो. ५५ ते ६० अंशांत (पुढचे सगळे अंशही फॅरनहाइटचेच) तो विणीच्या जागेच्या अलीकडे, उतारावर किंवा एखाद्या बुडालेल्या ओंडक्यापाशी थांबून भरपूर खातो. माद्या या दिवसांत अंड्यांनी जड झालेल्या असतात. ६०-६५ अंशांना नर गुडघाभर ते छातीभर पाण्यात, वाळू-खडीच्या टणक तळावर शेपटीने गोल खळगा झाडून घेतो आणि मादी तिथे अंडी घालते. आकडे दोन-चार अंशांनी इकडेतिकडे होतात, क्रम मात्र तोच राहतो.

मोजण्यातही एक गोम आहे. बोटीवरचा फिशफाइंडर, म्हणजे मासा शोधण्याचे यंत्र, दाखवतो ते वरच्या थराचे तापमान. वारा नसलेल्या दुपारी तो थर चार-पाच अंश सहज चढतो आणि रात्रीत उतरतो. म्हणून सकाळचा पहिला आकडा खरा धरावा आणि दोन-तीन दिवस तो चढतोय की पडतोय ते पाहावे. चढत्या ५२ अंशांत मासा उथळात भेटतो. पडत्या ५८ अंशांत तो तोंडही उघडत नाही. याच कारणाने ‘भल्या पहाटे जा’ हा उन्हाळ्यातला नियम वसंताच्या सुरुवातीला उलटा होतो: दुपारी एक ते चार ही वेळ चांगली. जागा शोधताना आधी तळ्याचा उत्तर काठ बघावा. दक्षिणेकडून कलून येणारे ऊन त्याच्यावर जास्त वेळ पडते आणि उत्तरेचा गार वारा तिथे अडतो. त्यात तळ काळसर आणि पाणी किंचित गढूळ असले तर ते आणखी लवकर तापते.

४५ ते ५५ अंशांच्या स्वच्छ पाण्यात पहिली पसंती सस्पेंडिंग जर्कबेटला द्यावी. लेखात त्याला जेमतेम एक ओळ मिळाली आहे. चार-साडेचार इंचांचा, चिंचोळा, पुढे लहान ओठ असलेला हा प्लास्टिकचा मासा ओढ थांबली की बुडत नाही आणि वरही येत नाही, आहे तिथे लोंबकळत राहतो. रॉडचे टोक पाण्याकडे खाली धरावे, दोर किंचित सैल ठेवून मनगटाने दोन झटके द्यावेत आणि थांबावे. सगळी मेख या थांबण्यात आहे. ५५ अंशांना तीन ते पाच सेकंद पुरतात. ४५ ला दहा-पंधरा मोजावे लागतात, आणि बहुतेकांचा धीर चारलाच सुटतो. मासा घास घेतो तो याच थांब्यात. हाताला ठोसा वगैरे काही बसत नाही, पुढच्या झटक्याला ओले फडके अडकल्यासारखे जड लागते, इतकेच.

खोक्यावर ‘सस्पेंडिंग’ छापले आहे म्हणून विश्वास ठेवू नये. थंड पाणी अधिक घन असल्याने उबदार पाण्यात स्थिर राहणारे आमिष थंड पाण्यात हळूहळू वर येते. दोर बांधून, आहे त्याच गळांसह ते बोटीच्या कडेला हातभर पाण्यात सोडून पाहावे. वर येत असेल तर पोटाला, पुढच्या गळाच्या कडीजवळ, वजनाची चिकटणारी टिकली लावावी. एकीने भागले नाही तर दुसरी, किंवा पुढचा तिहेरी गळ एक नंबर मोठा घालावा. टिकली मागे लावली तर आमिष शेपूट खाली करून उभे राहते आणि झटका दिला की आडवेतिडवे लोळते. तोंड किंचित खाली, इतका तोल साधला की पुरे.

दोराबद्दलही लेखात घोळ झाला आहे. जर्कबेटला १० पौंडी, म्हणजे दहा पौंडांचा ताण सोसणारे, फ्लुरोकार्बन या प्लास्टिकचे दोर लावावे. ते पाण्यात बुडते आणि पाण्यात कमी दिसते. साधे नायलॉनचे तंगूस सावकाश बुडते, ताणलेही जाते, त्यामुळे आमिष हव्या त्या खोलीला पोचत नाही. जाड दोर लावला तरी खोली कमी होते. फ्लुरोकार्बनची एक वाईट खोड आहे: गाठ कोरडी आवळली की घर्षणाने दोर भाजतो आणि नेमका तिथेच तुटतो. दोर दुहेरी करून पालोमार गाठ घालावी, पदर एकमेकांवर चढू देऊ नयेत, थुंकीने ओली करून सावकाश आवळावी. गाठीलगतचा दोर पांढुरका किंवा कुरळा दिसला तर कापून पुन्हा बांधावी. मासा तोडून गेल्यावर उरलेले टोक नीट पाहावे. वेटोळे असेल तर गाठ सरकली आहे. टोकाआधीचा दोर खरबरीत लागत असेल तर तो दगडावर घासला आहे.

पाणी ५० च्या वर गेले आणि तळाशी गवताला नवी वाढ दिसली की अर्ध्या औंसाचे, ओठ नसलेले, आत छर्रे वाजणारे क्रँकबेट फेकावे. रंग तांबूस, क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या कवचधारी प्राण्यासारखा. गवतात अडकले की झटक्याने उपसायचे, घास सुटताक्षणी लागतो. याला कडक रॉड नको. मासा डोके झाडतो तेव्हा आमिषाचे वजनच गळ उचकटते, म्हणून सात फुटी, मध्यम ताकदीचा, मध्यापर्यंत वाकणारा रॉड घ्यावा.

जिगला, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेल्या गळाला, मात्र मध्यम-भारी आणि टोकालाच वाकणारा रॉड लागतो, ७:१ (मुठीच्या एका फेऱ्यात दोराची फिरकी, म्हणजे स्पूल, सात वेळा फिरवणारे) किंवा त्याहून वेगवान बेटकास्टिंग रीळ आणि १५ पौंडी दोर. वजन तीन अष्टमांश औंस, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम. या रिळात नवख्यांचा दोर गुंततो, कारण आमिष हवेत मंदावते आणि स्पूल मात्र फिरतच राहते. बाजूची ताणाची चकती अशी आवळावी की आमिष आपल्या वजनाने सावकाश खाली यावे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावे. चुंबकी ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवून हात बसेल तसा कमी करत न्यावा. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी अंगठा स्पूलवर हवाच, त्याला कोणताही ब्रेक पर्याय नाही.

टेक्सास रिगमध्ये, म्हणजे रबरी किड्याच्या पुढे गोळीच्या आकाराचे वजन लावून केलेल्या जोडणीत, होणारी चूक एकच असते: किडा गळावर वाकडा बसतो. ३/० मापाचा ऑफसेट, म्हणजे डोळ्याखाली दुमडलेला, गळ नाकातून पाव इंच आत घालून बाहेर काढावा, फिरवून गळाचा डोळा नाकाशी आणावा, गळाची बाक किड्याच्या अंगाला जिथे लागते तिथेच टोक आरपार न्यावे आणि पाठीच्या कातडीत जेमतेम लपवावे. वाकडा किडा पाण्यात गरगरतो आणि दोराला पीळ पाडतो.

थंडीची लाट येऊन गेल्यानंतरचा निरभ्र, निळा दिवस सगळ्यांत कठीण. मासा ओंडक्याला, गवताला चिकटून बसतो. तेव्हा मोठी आमिषे आवरून स्पिनिंग रॉड काढावा, दोराच्या टोकाला ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा तुकडा (लीडर) जोडावा आणि पाच इंची रबरी काडी मधोमध १/० च्या गळात ओवून, वजन न लावता, आडोशाजवळ नुसती बुडू द्यावी. दोर बाजूला सरकला की लगेच गळ बसवावा. उशीर झाला तर मासा गळ घशात घेतो.

लेखात घरट्यावरच्या माशाला डिवचून पकडण्याची रीत कौतुकाने सांगितली आहे, पण तिची दुसरी बाजू राहून गेली. अंडी राखतो तो नर. त्याला उचलले की ब्लूगिलसारखे लहान मासे काही मिनिटांत घरट्यावर तुटून पडतात. तो पकडलाच तर त्याच जागी, लगेच सोडावा. पिंजऱ्यात घालून तळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडणे घरट्याच्या दृष्टीने मारल्यासारखेच. पुरवणीतल्या मुख्य छायाचित्रात भला मोठा मासा नुसत्या खालच्या जबड्याला धरून आडवा केला आहे. त्याने जबड्याचा सांधा दुखावतो. एक तर उभा धरावा, नाही तर दुसरा हात पोटाखाली द्यावा, आणि हात आधी ओले करावेत.

सोडण्याचे नियमही जागोजागी वेगळे आहेत. न्यू यॉर्क राज्यात बहुतेक पाण्यांत १ डिसेंबर ते १४ जून या काळात बास सोडावाच लागतो आणि आमिषही कृत्रिमच वापरावे लागते. टेक्सासात १३ पौंडांच्या पुढची मादी वसंतात सरकारी मत्स्यबीज केंद्राला (हॅचरीला) प्रजननासाठी देण्याची योजना १९८६ पासून आहे. जपानच्या बिवा सरोवरात याच्या नेमके उलट: तिथे बास बाहेरून आलेला उपद्रवी मासा असल्याने २००३ पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाच बंदी आहे. शिशाची वजने न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंसापर्यंत चालत नाहीत, कारण ती गिळून लून पक्षी मरतात. तिथे टंगस्टन वापरावे. ते महाग असते, पण त्याच वजनात आकाराने लहान असते आणि तळाचा खडा हाताला स्पष्ट कळवते.

आणि सुरक्षेचा लेखात उल्लेखच नाही. हवा उबदार असली तरी ५० अंश फॅरनहाइटच्या (१० सेल्सिअस) गार पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच ताब्यात राहत नाही आणि थोड्याच वेळात हातातले बळ जाते. लाइफ जॅकेट बोटीत ठेवलेले नको, अंगात हवे. २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोट वेगात असताना इंजिन बंद करणारी दोरी चालकाला जोडलेली असणे अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने बंधनकारक आहे.

आपला,
एक वाचक