गर्भपाताचे खापर आईच्या प्रतिकारशक्तीवर फोडण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘तुमची प्रतिकारशक्तीच बाळावर हल्ला करते’ हे वाक्य सांगली-मिरजेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या दांपत्यांच्या तोंडून अलीकडे वरचेवर ऐकू येते. त्यामागचे विज्ञान नेमके काय सांगते, हे आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते. मी डॉक्टर नाही. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला वारंवार गर्भपात झाल्यानंतर तिच्या रक्तातील एनके पेशी (प्रतिकारशक्तीचा भाग असलेल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढल्याचे सांगण्यात आले, महागडी सलाइने देण्यात आली आणि त्यासाठी घरच्यांनी सोसायटीचे कर्ज काढले. पैशांपेक्षाही मला अधिक लागले ते हे, की तिच्या शरीरालाच मूल नको आहे असे सासरी उघडपणे बोलले जाऊ लागले.

गर्भाची निम्मी जनुके वडिलांची, म्हणजे आईच्या शरीराला परकी असतात. असे असताना ज्या प्रतिकारशक्तीने परकी किडनी नाकारावी तिने गर्भ नऊ महिने कसा सांभाळावा, हा प्रश्न पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये उपस्थित केला. तेव्हापासून अनेकांच्या मनात असे चित्र बसले, की गर्भारपण म्हणजे आई आणि बाळ यांच्यातील युद्ध असून आईची प्रतिकारशक्ती दडपली तरच ते तडीस जाते. पुढच्या संशोधनाने हे चित्र बरेचसे खोडून काढले, परंतु उपचारांच्या बाजारात ते अजून टिकून आहे.

गर्भधारणेच्या पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात असणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी एनके प्रकारच्या असतात. नाव ‘नॅचरल किलर’ असले तरी गर्भाशयातील या पेशी मारक म्हणून फारच दुबळ्या असतात आणि रक्तात फिरणाऱ्या एनके पेशींहून त्या गुणाने निराळ्या असतात. वार (प्लॅसेंटा) तयार करणाऱ्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तेथील नागमोडी रक्तवाहिन्यांची स्नायूंची भिंत विरघळवतात आणि त्या वाहिन्या रुंद करतात. उसाला पाणी द्यायचे तर आधी पाटाचे तोंड मोठे करावे लागते, तसेच हे काम आहे. ते किती खोलवर व्हावे, यावर आईच्या एनके पेशी देखरेख ठेवतात. वाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत तर बाळाला रक्त कमी पडते, त्याची वाढ खुंटते आणि विसाव्या आठवड्यानंतर आईला प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे उच्च रक्तदाबाचा तो धोकादायक विकार, होण्याची शक्यता वाढते.

आनुवंशिकतेचा संबंध येतो तो येथे. वारेच्या या पेशींवर एचएलए-सी नावाचा रेणू असतो आणि आईच्या एनके पेशींवर तो ओळखणारे केआयआर नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. एचएलए-सीचे सी-१ आणि सी-२ असे दोन गट आहेत. बाळाला त्यातील एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. केआयआर जनुकांचे ए आणि बी असे दोन संच आहेत. ए संचात एनके पेशीला थोपवणारे ग्राहक प्रामुख्याने असतात, तर बी संचात तिला चालना देणारे ग्राहक अधिक असतात. एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर आणि केआयआरची एकोणिसाव्या गुणसूत्रावर असल्याने ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात, आणि म्हणून कोणत्या जोडप्यात कोणता मेळ पडेल हे घराणे, गोत्र वा पत्रिका पाहून कळत नाही.

केंब्रिज विद्यापीठातील अॅश्ली मॉफेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले, की आईला तिच्या आईवडिलांकडून मिळालेले दोन्ही संच ए असतील (म्हणजे ए-ए) आणि बाळाला, विशेषतः वडिलांकडून, सी-२ मिळाले असेल, तर प्री-एक्लॅम्प्सिया, वारंवार गर्भपात आणि गर्भाची खुंटलेली वाढ यांचे प्रमाण अधिक असते. याचे स्पष्टीकरण असे दिले जाते, की या मेळात एनके पेशींना थोपवणारा संदेश जोरदार मिळतो आणि वार पुरेशी खोल रुजत नाही. उलट आईकडे चालना देणारा ग्राहक असून बाळाला वडिलांकडून सी-२ मिळाले असेल, तर बाळाचे वजन अधिक भरण्याकडे कल दिसतो. म्हणजे ज्या मेळात धोका दिसतो तेथे आईची प्रतिकारशक्ती खवळलेली नसते, ती अपुरी जागी झालेली असते. हे समजून घेतले, की प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सरसकट देण्यामागचा तर्कच डळमळतो. शिवाय मेळ दोघांच्या जनुकांचा असतो. त्यात दोष शोधायचाच म्हटला तर तो एकट्या स्त्रीकडे कसा जातो, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

यातून निघालेला धोका समूहाच्या पातळीवरचा आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. ए-ए संच असलेल्या असंख्य स्त्रियांना सी-२ असलेल्या पतीपासून धडधाकट मुले होतात. जपानमध्ये ए-ए संचाचे प्रमाण फार मोठे आहे, पण तेथे सी-२ विरळ आहे. भारतीय लोकसमूहांत युरोपच्या तुलनेत बी संच अधिक आढळतो. त्यामुळे तिकडचे आकडे उचलून जतच्या किंवा तासगावच्या एखाद्या स्त्रीचे भवितव्य सांगणे शास्त्राला धरून होणार नाही.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, मात्र या संशोधनाला विशेष अर्थ आहे. दात्या स्त्रीचे बीज वापरले, तर बाळाची निम्मी नव्हे तर सर्वच जनुके गर्भवतीला परकी असू शकतात, आणि अशा गर्भारपणात प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण अधिक असते हे चांगले प्रस्थापित झालेले आहे. गर्भाशयात एका वेळी दोन भ्रूण सोडले तर परक्या एचएलए-सीचे प्रमाणही वाढते. वारंवार गर्भपात झालेल्या किंवा गर्भ न रुजणाऱ्या स्त्रियांचा एक स्पॅनिश अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन भ्रूण सोडल्यानंतर ए-ए संचाच्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक दिसले. या निष्कर्षाची मोठ्या चाचण्यांत पडताळणी व्हायला हवी. परंतु एका वेळी एकच भ्रूण सोडण्याला इतर कारणांनीही भक्कम आधार आहे, कारण जुळ्यांच्या गर्भारपणात आई व बाळे दोघांनाही धोका वाढतो. दात्या स्त्रीचे बीज घेणाऱ्या दांपत्याला रक्तदाबाच्या या धोक्याची कल्पना भ्रूण सोडण्यापूर्वीच दिली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता विकल्या जाणाऱ्या उपचारांविषयी. दंडातील रक्त काढून त्यातील एनके पेशी मोजल्याने गर्भाशयात काय चालले आहे ते कळत नाही. मॉफेट यांनीच अन्य दोन तज्ज्ञांसह २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या चाचण्या आणि त्यावर बेतलेल्या उपचारांविरुद्ध लिहिले होते. इंट्रालिपिड हे पांढरे सलाइन म्हणजे तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णांसाठी बनवलेले सोयाबीन तेलाचे पोषणद्रव्य आहे. पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पत्नीला टोचण्याचा उपचार तर आपल्या देशात अजूनही केला जातो. त्याची अमेरिकेतील चाचणी १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा उपचार मिळालेल्या गटात ३६ टक्के आणि न मिळालेल्या गटात ४८ टक्के स्त्रियांचे गर्भारपण यशस्वी झाले होते. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हा उपचार अधिकृत संशोधनाबाहेर करण्यास मनाई केली. युरोपातील प्रजननतज्ज्ञांची संघटनाही इंट्रालिपिड किंवा पेशी टोचणे यांची शिफारस करत नाही.

ज्याला पुरावा आहे ते बहुधा स्वस्त आहे. वारंवार गर्भपात होत असेल तर अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची (रक्ताच्या गुठळ्या होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी करावी, ती निदान १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावी, आणि दोष ठरला तर अॅस्पिरिन व हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) द्यावे, हे मान्यताप्राप्त आहे. पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्मे गर्भपात भ्रूणाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात, हे एवढे जरी कोणी समजावून सांगितले तरी कित्येक स्त्रियांच्या मनावरचे ओझे उतरेल. प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिल्यावर, मुदतीपूर्वी बाळंतपण करावे लागेल अशा प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आल्याचे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. ही गोळी गावातल्या औषधाच्या दुकानात मिळते. अर्थात ती कोणाला द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा, २०२१ प्रमाणे उपचाराचे फायदे, तोटे, खर्च, धोके आणि यशाची शक्यता दांपत्याला समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्य आहे, आणि प्रत्येक केंद्रात तक्रार निवारणाची सोय असणेही बंधनकारक आहे. माझी मागणी एवढीच आहे, की मुख्य उपचाराव्यतिरिक्त जे जोड-उपचार सुचवले जातात त्यांची किंमत आणि त्यांना पुरावा आहे की नाही हे मराठीत, आणि सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णांसाठी कन्नडमध्ये, लिहून द्यावे आणि त्यावर सही घेण्यापूर्वी तो कागद घरी नेऊन वाचण्याची मुभा द्यावी. जिल्हा आरोग्य यंत्रणेने तपासणीच्या वेळी हा कागद मागावा.

मिरजेत १८९४ पासून वॉनलेस रुग्णालय आहे, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अथणी, जमखंडी, विजयपूरपासून रुग्ण येथे येतात. आपल्याकडील स्त्रियांमध्ये केआयआर आणि एचएलए-सी यांचे कोणते मेळ आढळतात आणि त्यांचा प्री-एक्लॅम्प्सियाशी किती संबंध आहे, हे तपासण्यासाठी याहून योग्य जागा दक्षिण महाराष्ट्रात क्वचितच असेल. असा अभ्यास संमती घेऊन, रुग्णाकडून एक पैसाही न घेता आणि नैतिकता समितीच्या देखरेखीखाली व्हावा. या विषयावर येथील स्त्रीरोगतज्ज्ञांचे म्हणणे वेगळे असेल, तर तेही आपण याच स्तंभात सविस्तर छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
विश्रामबाग, सांगली