मिठागर नव्हतंच ते! काकांना जाहीर थँक्यू

काका, तुम्ही म्हणाला होतात आभारबिभार नको, एक कटिंग पाज आणि विषय संपव. कटिंग पाजला (वडापावचे पैसे तुम्हीच दिलेत, ते मी विसरलेले नाही), पण विषय काही संपेना. घरी रोज जेवताना तुमचं नाव निघतं, आईने तर तुम्हाला न बघताच 'ते मोडीवाले' असं नाव पाडून टाकलंय. तुम्ही व्हॉट्सॲपवर नाही, फोन उचलत नाही, मग म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं, तुमचा पुतण्या वाचून दाखवेल तुम्हाला.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्या घरात लहानपणापासून एकच ऐकलंय की पणजोबा उरणला मिठागरात कामाला होते, शनिवारी उरणच्या मोरा बंदरातून बोटीने मुंबईत यायचे आणि सोमवारी परत. उरणला मिठागरं आहेतच, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. आजी गेल्यावर परळच्या खोलीतली ट्रंक उघडली तर तळाशी मोडी लिपीतली सात पानं. बाबा म्हणाले मिठाच्या गोणींचा हिशोब असणार, टाकून दे. मी नाही टाकली. पण वाचता कुठे येत होती, मोडीत आधी आख्खी ओळ आडवी मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, शब्दांमध्ये जागा म्हणून नाही, मला तर सगळं पान म्हणजे एकच लांबलचक शब्द वाटत होता.

त्या पानांवर दोनच आकडे मला लागत होते कारण ते परत परत येत होते, २५ आणि ६०. बाबांची थिअरी: गोणी. आत्याची थिअरी: पगार. माझी थिअरी काहीच नाही. एका ठिकाणी (नाव नको) विचारायला गेले तर तिथल्या गृहस्थांनी पानं हातातही न घेता सांगितलं की असे घरगुती कागद ढिगाने येतात. बरं.

मग फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात, तुम्ही शेजारच्या टेबलावर भेटलात. भेटलात म्हणजे काय, मी मिठाची कागदपत्रं मागवून मागवून कंटाळले होते ट्रंकेतलं एक पान हातात घेऊन बसले होते आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'ते पान उलटं धरलंयत.'

काका, तो क्षण मी विसरणार नाही, लाज वाटली म्हणूनही विसरणार नाही. तुम्ही भिंग काढलंत, पहिली ओळ पुटपुटलात, 'ग्यालन' असा शब्द आला आणि तुम्ही हसायला लागलात. मीठ कोणी गॅलनने मोजतं का? पुढे 'पिंप', मग परत २५, परत ६०. तुम्ही मला विचारलंत, घरात कोणी पितं का? मी म्हटलं आमचं घर माळकरी आहे. तर म्हणालात, मग खाली वाईन शॉपच्या काचेतून कुठल्याही व्हिस्कीच्या बाटलीवर काय छापलंय ते वाचून ये.

आणि मी खरंच गेले!! दुकानदाराने बघितलंच विचित्र नजरेने. लेबलवर लिहिलेलं, अल्कोहोल ४२.८ टक्के, आणि बाजूला २५ यूपी. यूपी म्हणजे उत्तर प्रदेश नाही हे मला तेव्हा कळलं, अंडर प्रूफ. इंग्रजी मापात 'प्रूफ' दारू म्हणजे ५७.१ टक्क्यांची, तिच्यापेक्षा पंचवीस टक्के हलकी ती ४२.८ ची आणि साठ टक्के हलकी ती साधारण २२.८ ची. मुंबई इलाख्यात देशी दारू ह्याच दोन कसांची निघायची, २५ आणि ६०. म्हणजे आमच्या ट्रंकेतल्या पानांवर कडक किती पिंपं आणि हलकी किती पिंपं एवढंच लिहिलं होतं आणि आम्ही तीस वर्षं गोणी मोजत बसलो होतो. प्रूफ शब्दाची ती गोष्टही तुम्हीच सांगितलीत, पूर्वी म्हणे दारू बंदुकीच्या दारूवर ओतून काडी लावायचे, पेटली तर माल पास. दारूवर दारू ओतायची, हे मराठीतच एवढं मजेशीर वाटतं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं काम तुम्ही वेगळंच केलंत. मी कॅटलॉगात लिकर, वाईन, महुआ (म्हणजे मोहाचं झाड, ज्याच्या फुलांची ही दारू) असं काहीबाही शोधत होते आणि हाती शून्य. तुम्ही म्हणालात, 'सरकारला दारू दिसत नाही, महसूल दिसतो. आबकारी बघ, म्हणजे दारूवरचा कर. आणि मोह शोधायचा तर इंग्रजाच्या कानाने शोध.' आणि मग म्होवरा, मोवरा, मोव्रा अशी स्पेलिंगं लिहून दिलीत चिठ्ठीवर. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये बसलेलंच होतं सगळं, उरणच्या भट्ट्या, बहुतेक पारशी मालकांच्या, मोहाची फुलं येणार पार गुजरातेतल्या पंचमहालातून, भिजवून आंबवून तांब्याच्या भांड्यात चढवणार आणि दारू बोटीने मुंबईला. मी जन्मापासून मुंबईत राहते, भाऊच्या धक्क्यावर मासे आणायला शंभरदा गेलेय, पण मुंबईची दारू समोरच्या किनाऱ्यावरून यायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र गोड नाही आणि ती तुम्ही टाळली नाहीत म्हणून जास्त आभार. मी फार खुशीत होते, पहिल्या धारेची फॅमिली हिस्ट्री वगैरे जोक चालले होते, तेव्हा तुम्ही शांतपणे १८७८ चा आबकारी कायदा समोर ठेवलात. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद आणि गाळायचं ते मोठ्या, सरकारी नजरेखालच्या भट्ट्यांमध्ये. त्यानंतर १८९२ चा मोहाचा कायदा, ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात परवान्याशिवाय मोहफुलं बाळगायचीसुद्धा बंदी. झाड दारात, फुलं पहाटे आपोआप खाली पडतात, आदिवासी घरांत ती वाळवून टंचाईच्या दिवसांत खायची पण असतात, आणि ती उचलून घरात ठेवली की गुन्हा. उरणच्या पिंपांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून जंगलातल्या माणसाचं टोपलं रिकामं करायचं. पणजोबा काही मालक नव्हते, पिंपं मोजणारे कारकून असावेत असं तुमचं म्हणणं, मला पटतं. तरी त्यांचा पगार ह्यातूनच येत होता ना. हे आत्याला सांगितलं तर तिला आवडलं नाही, म्हणाली झालं ते झालं कशाला उकरतेस. मला मात्र मिठाच्या गोष्टीपेक्षा ही बरी वाटते, निदान आमची आहे.

आणि मिठाची गोष्ट आली कुठून तेही आता थोडं कळतंय. मुंबईत १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदी लागली, मग १९४९ चा कायदा, आणि मधल्या काळात आमच्या घरात आजी सून म्हणून आली ती गळ्यात तुळशीची माळ घेऊन. आता त्या घरात सासरे भट्टीवर होते हे कोण सांगणार. मिठागर शेजारीच होतं, हाताशी होतं, तेच चिकटवलं असणार. आजी खोटं बोलली असं मी म्हणत नाही, तिलाही कदाचित तेच सांगितलं गेलं असेल. (बाबा अजून म्हणतात दोन्हीकडे काम करत असतील. करू देत.)

मी एकदा गेले होते उरणला, एकटीच, तुम्हाला न सांगता. धक्क्यावरून लाँच पकडली, मोऱ्याला उतरले, चार म्हाताऱ्या माणसांना विचारलं भट्ट्या कुठे होत्या, दोघांनी हातभट्टी समजून मला हाकललं, एका आजीने चहा दिला. परत येताना ओहोटी लागली, लाँच बंद, आणि मी जेट्टीवर तीन तास चणे खात बसले. भिंतबिंत काही सापडली नाही.

सातातली दोन पानं अजून वाचायची राहिलीत, ती तुम्ही म्हणालात शाई फुटलीय, उन्हात धरून बघू. पुढच्या रविवारी परत उरणला जायचं म्हणतेय, ह्यावेळी भरतीची वेळ बघूनच निघते, आईने धपाटे करून द्यायचं कबूल केलंय आणि तुमचं तिकीट मी काढणार, त्यात वाद नको. भिंग तेवढं घेऊन या.