गर्दीतल्या डोंगरावर मुक्काम

ओमाहा,
४ ऑक्टोबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. तू विचारलंस, "कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कला आरव्ही, म्हणजे ती आत राहता येईल अशी मोठी गाडी, घेऊन जावं का, की तिथल्या गर्दीत जीव नकोसा होईल?" मी नुसतं "जा की" म्हणालो. एवढ्यावर मीनलवहिनींचं समाधान व्हायचं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. आम्ही नुकतेच तिथून परतलोय, सगळं डोळ्यांसमोर आहे.

गर्दीबद्दल तुम्ही जे ऐकलंय ते खरं आहे. २०१९ साली या पार्कला ४६ लाखांहून जास्त लोक येऊन गेले. त्याच वर्षी यलोस्टोन या दुसऱ्या नॅशनल पार्कला ४० लाखांच्या आसपास गेले होते, आणि यलोस्टोन आकाराने याच्या आठपट आहे. शिवाय डेन्व्हर इतकं जवळ की सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचता येतं. त्यामुळे हवा चांगली असली की शनिवार-रविवारी पार्कच्या पूर्व वेशीवरच्या एस्टेस पार्क गावापासूनच गाड्यांची रांग लागते. तरीही जा. माझा आग्रह एवढाच की मुक्काम पार्कच्या आतच करा, आणि गाडी एकदा साइटवर, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या आपल्या ठरलेल्या जागेवर, लावली की निघायच्या दिवसापर्यंत तिला हलवू नका. आरव्हीवाले जे वैतागतात ते बहुतेक दर सकाळी सगळं बांधून ते धूड पार्किंग शोधत फिरवतात म्हणून. आरव्ही हे तुमचं घर आहे, तिला घरासारखीच एका जागी राहू द्या. फिरायला पाय आहेत आणि पार्कची फुकट शटल आहे.

आता त्या वेळेच्या परवान्याबद्दल. २०२० पासून मे अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाहेरून येणाऱ्याला ठरावीक वेळेचं आरक्षण घ्यावं लागतं. त्याचे दोन प्रकार आहेत. एक बेअर लेक या तळ्याकडे जाणाऱ्या बेअर लेक रोडसह सगळ्या पार्कसाठी, दुसरा बेअर लेकचा भाग सोडून उरलेल्यासाठी. बेअर लेक रोडवर पहाटे ५ ते संध्याकाळी ६ पर्यंत ते लागतं, बाकी पार्कात सकाळी ९ ते दुपारी २. पैसे फक्त २ डॉलर. प्रवेशशुल्क वेगळं, पण तुझ्याकडे ८० डॉलरचा वर्षाचा पास आहेच. यावर कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात, "मनात आलं की निघावं ही मजाच गेली" म्हणतात. मला मात्र हे मनापासून पटतं. तळ्याकाठची माती लाखो पायांखाली तुडवली जाते, ती काही आपल्या लहरीसाठी पुन्हा तयार होत नाही. आणि तुमचं कॅम्पग्राउंडचं बुकिंग असेल तर हा परवाना वेगळा काढावा लागत नाही, आत राहण्याचा हा मोठाच फायदा.

आम्ही पार्कमधल्या ग्लेशियर बेसिन कॅम्पग्राउंडला उतरलो होतो, उंची साधारण ८,५०० फूट. तिथली सी आणि डी लूप, म्हणजे साइटची वर्तुळं, उघडी आहेत, झाडांचा पत्ता नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे कसलं जंगल? तिथे दाट पाइन होते. पाइन बीटल नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा किडा सालीखाली अंडी घालतो, सोबत एक बुरशी आणतो, आणि झाडाचं वर चढणारं पाणीच तुटतं. पूर्वी कडाक्याच्या थंडीत या अळ्या मरायच्या. हिवाळे सौम्य होत गेले तशा त्या जगू लागल्या आणि कोलोरॅडोत डोंगरच्या डोंगर लाल पडले. वाळलेली झाडं लोकांच्या तंबूंवर पडू नयेत म्हणून ती तोडून टाकावी लागली. आता तिथे गुडघ्याएवढी रोपं वर येताहेत, आणि साइटवर खुर्ची टाकून बसलं की समोर डोंगरांची अख्खी रांग दिसते. दुपारी सावली नाही हे खरं, पण त्या दृश्यासाठी मी ऊन सोसेन. शटलचा मोठा पार्किंग तळ रस्त्याच्या पलीकडेच आहे, म्हणजे बसपर्यंत चालतच जायचं. याच कारणासाठी मी इतर कॅम्पग्राउंडपेक्षा याला झुकतं माप देतो.

गाडी लावणं हा जोडप्याच्या समजुतीचा कस असतो, हे वहिनींना आधीच सांगून ठेव. अनघा उतरून मागे उभी राहते. आमचं ठरलेलं आहे की ती मला आरशात दिसेनाशी झाली की मी ब्रेक दाबायचा, मागे कितीही जागा असो. आरडाओरडा नाही, फक्त हाताच्या खुणा. मग चाकांखाली ठोकळे सरकवून गाडी सपाट करायची. यात कंटाळा करू नकोस, कारण गॅसवर चालणारा फ्रीज गाडी तिरकी असली तर नीट थंड करत नाही.

ग्लेशियर बेसिनला वीज, पाणी, सांडपाणी यांपैकी एकही जोडणी साइटवर नाही, आणि पार्कच्या कुठल्याच कॅम्पग्राउंडमध्ये अंघोळीची सोय नाही. सगळा भार तुमच्या टाक्यांवर आणि बॅटरीवर. सप्टेंबरात रात्री पारा शून्याजवळ जातो. हीटर प्रोपेनवर चालतो खरा, पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर, आणि तो रात्रभर चालला तर पहाटेपर्यंत बॅटरी मान टाकते. जनरेटर सकाळी आणि संध्याकाळी नेमून दिलेल्या काही तासांतच लावता येतो, काही भागांत तर मुळीच नाही. म्हणून झोपताना हीटर अगदी कमीवर ठेवायचा, जाड रजया घ्यायच्या. भाडेवाल्याकडून गाडी घेताना बॅटरी किती जुनी आहे ते खोदून विचार. पाण्याचं म्हणशील तर भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली की टाकी दुप्पट पुरते. वापरलेल्या पाण्याच्या दोन टाक्या निघताना डंप स्टेशनवर रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग धुण्याची, म्हणजे दुसरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे विसरू नका.

आणि कुकर न्याच. त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ ढिम्म शिजत नाही. खाण्याच्या वस्तू बाहेरच्या टेबलावर क्षणभरही सोडू नका. अस्वलं आहेत, आणि एकदा का अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी जीव त्या अस्वलाचाच जातो.

पहिल्या दिवशी चढाईच्या भानगडीत पडू नका. तुमचं डॅलस कुठे आणि ही उंची कुठे! डोकं जड होतं, जिना चढल्यासारखी धाप लागते. पाणी पीत बसा, शेजारपाजाऱ्यांशी बोला.

दुसऱ्या दिवशी मात्र अंधारात उठा. आम्ही सकाळची पहिली शटल धरून बेअर लेकला उतरलो. तिथून एमराल्ड लेकपर्यंतची वाट जेमतेम १.८ मैल, पण ९,४७५ फुटांवरून १०,११० फुटांवर नेते. आधी निम्फ लेक लागतं, कमळाच्या जातीच्या पानांनी झाकलेलं. मग ड्रीम लेक. अनघाचा गुडघा तुला ठाऊक आहे, त्यामुळे आम्ही काठ्या टेकत सावकाश चढत होतो, आणि त्याचाच फायदा झाला. ड्रीम लेकपाशी पोचलो तेव्हा हॅलेट शिखराच्या टोकाला नुकतं ऊन लागलं होतं. ते कड्यावरून इंच इंच खाली उतरत होतं आणि पाण्यात तेच ऊन खालून वर चढत होतं. काठाच्या दगडावर आम्ही बसलो, थर्मासमधला चहा संपला तरी उठवेना. दहा-बारा माणसं असतील आसपास, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं.

उतरताना खरी गर्दी भेटली. पाठीवर तान्ही मुलं घेतलेले बाप, चपला घालून आलेली कॉलेजची पोरं, एकमेकींचा हात धरून चढणाऱ्या दोन आज्या. प्रत्येक जण विचारायचा, अजून किती? अनघा थांबून सगळ्यांना सांगत होती, पुढच्या वळणावर पाणी दिसेल, दम घ्या. पूर्वी असा लोंढा दिसला की माझ्या कपाळाला आठी पडायची. त्या दिवशी नाही पडली. त्या आज्यांनाही तळं बघायचा तेवढाच हक्क आहे, आणि त्या ज्या जिद्दीने चढत होत्या ते बघून मला भरून आलं. परतलो तेव्हा स्टॉपवर लोक उन्हात ताटकळत होते. आम्ही मात्र दुपारी आपल्या साइटवर ताणून दिली.

संध्याकाळचा कार्यक्रम पार्कमधल्याच मोरेन पार्क नावाच्या कुरणाकडेचा. सप्टेंबर-ऑक्टोबर हा एल्क या थोराड हरणांच्या माजाचा काळ. संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यंत कुरणात पाऊल टाकायला बंदी असते, सगळ्यांनी रस्त्याकडेला उभं राहायचं. एल्कपासून ७५ फूट अंतर ठेवायचं, गाड्या आणि माणसं आवरायला पार्कचे स्वयंसेवक असतात. आम्ही गेलो तेव्हा ही झुंबड होती. मग गवतातून एक नर बाहेर आला. शिंगांना चिखल आणि उपटलेल्या गवताच्या झिपऱ्या लटकत होत्या, मानेची आयाळ ओली, काळपट. त्याने मान लांब करून तोंड उघडलं. आवाज खालच्या पट्टीत सुरू झाला, चढत चढत शिटीइतका बारीक झाला आणि शेवटी दोन-तीन हुंकारांवर तुटला. एवढ्या थोराड जनावराच्या गळ्यातून इतका कोवळा सूर निघेल असं वाटत नाही रे. तोंडातून निघालेली वाफ तिरप्या उन्हात दिसत होती. कुरणाच्या पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. शे-दोनशे माणसांपैकी एकाचाही आवाज नव्हता. लहान पोरंसुद्धा बापाच्या खांद्यावर गप्प. शेजारच्या अनोळखी बाईने अनघाचा दंड धरला होता, दोघींनाही ते कळलं नव्हतं. एकांतात हे ऐकायला मिळालं असतं तर जास्त बरं झालं असतं का, असं अनघाने परतताना विचारलं. मी म्हटलं, नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

रात्र झाली की दिवसाची पाहुणेमंडळी निघून जातात. रस्ता मोकळा होतो, जनरेटर बंद, आणि कॅम्पग्राउंडमध्ये झोपलेल्यांच्याच वाट्याला तो पार्क येतो. आत राहा म्हणून मी जो धोशा लावलाय तो यासाठी.

निघायच्या दिवशी ट्रेल रिज रोडने पश्चिमेला उतरा. १९३२ साली खुला झालेला हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, आणि ११ मैल झाडं उगवतात त्या रेषेच्याही वर आहे. बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. वहिनींना उंचीची भीती वाटत असेल तर सांगून ठेव, पण आमची चोवीस फुटी गाडी मजेत गेली. उतरताना खालचा गिअर टाक, ब्रेक सतत दाबून ठेवू नकोस. वर वाऱ्यात दरवाजा हाताने धरूनच उघड, नाहीतर निसटतो. तिथली रोपं बोटभर उंचीची, दगडाला चिकटलेली. त्यांच्यावर पाय पडला तर सावरायला वर्षानुवर्षं लागतात, तेव्हा वाट सोडू नका. खडकांत पिका नावाचा प्राणी दिसतो, मुठीएवढा, तोंडात गवताची जुडी घेऊन हिवाळ्याची बेगमी करत धावणारा. मिल्नर पास या खिंडीपाशी खंडाची पाणलोट रेषा, म्हणजे जिथून पाणी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या नद्यांत वाटलं जातं ती डोंगररेषा, ओलांडली की पलीकडच्या दरीत कोलोरॅडो नदी भेटते. ग्रँड कॅन्यन कोरणारी ती हीच, पण इथे एवढीशी की ओढा म्हणावं.

पश्चिमेकडच्या ग्रँड लेक गावाजवळ मात्र जळलेली झाडं उभी आहेत. २०२० च्या ऑक्टोबरात ईस्ट ट्रबलसम वणव्याने एका दिवसात लाखभर एकर गिळले, आणि झाडंझुडपं नसलेली ती खंडरेषासुद्धा ओलांडून तो पूर्वेकडे पडला. एस्टेस पार्क गाव रिकामं करावं लागलं होतं. काळ्या खोडांच्या पायथ्याशी आता हिरवं दिसतं. आम्ही गाडी थांबवून बराच वेळ तिथे उभे होतो.

तेव्हा पुढच्या सप्टेंबरचं नक्की कर. बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे मार्चमध्ये, तिथल्या सकाळी ८ ला, आपल्या घड्याळात ९. साइट मिनिटांत संपतात, म्हणून आठवड्याच्या मधले वार धर. आम्हीही परत यायला एका पायावर तयार आहोत. तू डॅलसहून आणि मी इथून एकाच वेळी बसू. तू सी लूप बघ, मी डी बघतो. ज्याला आधी मिळेल त्याने दुसऱ्याला लगेच फोन करायचा. काकूंना नमस्कार सांग, वहिनींना अनघा स्वतः फोन करणार आहे, तिला रजयांबद्दल बोलायचंय.

तुझा,
अविनाश