सुईपासून तक्त्यापर्यंत: इंटर्नशिपला निघालेल्या मुलास पत्र

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

पहिले चार आठवडे रुग्णालयाच्या लॅबमध्ये आणि पुढचे आठ संशोधन विभागात, असं तुझं वेळापत्रक आहे. अ‍ॅप्रन किती घेऊ आणि काय वाचून जाऊ, असं विचारलंस. अ‍ॅप्रन तीन घे, सुती, पूर्ण बाह्यांचे. पायात पुढून बंद बूट. वाचायचं राहू दे.

तुला महागड्या यंत्राला लगेच कुणी हात लावू देणार नाही. नळ्या आण, लेबलं तपास, सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र) लाव, सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) वेगळं कर, नोंद कर, अशी कामं तुझ्या वाट्याला येतील. मुलं याला हरकाम्याचं काम समजून कंटाळतात. पण लॅबच्या बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत, नमुना यंत्रात जायच्या आधी होतात. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, नेमकं तिथेच तुला उभं करणार आहेत. म्हणून या पत्रात सुईपासून आकडा तक्त्यात जाईपर्यंतच्या त्या मधल्या वाटेबद्दलच लिहिते.

त्याआधी एक घाईची गोष्ट. हेपॅटायटिस बी ची लस तीन डोसची असते: पहिला, मग एका महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांत अँटीबॉडीची पातळी तपासायची. ती दर मिलिलिटरला १० मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून जास्त असली की लस लागू पडली असं धरतात. काहींना ती लागू पडत नाही, आणि तपासणी केलेली नसली तर हे त्यांना सुई टोचल्यावरच कळतं.

आता रक्ताच्या नळीकडे. सुरुवात नावापासून. पेशंटला ‘तुम्ही अमुकच ना?’ असं कधी विचारू नको. गुंगीत असलेला, कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस कुठल्याही नावाला मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा’ असं विचार आणि उत्तर कागदाशी ताडून बघ. खाटेचा नंबर ही ओळख धरायची नाही, खाटा बदलतात. लेबल रक्त काढल्यावर, पेशंटच्या शेजारीच लावायचं. सकाळी वेळ वाचवायला लेबलं आधीच चिकटवून ठेवलेल्या नळ्यांचा ट्रे दिसला तर त्यातली नळी तू उचलू नकोस. एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावाच्या नळीत गेलं, तर पुढचं प्रत्येक यंत्र तो आकडा बिनचूक मोजेल आणि तो चुकीच्या माणसाचा असेल. रक्तगटाच्या नळीत असं झालं तर जिवावर बेततं.

नळ्यांचा क्रम पाठ कर: आधी ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघायची) बाटली, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. घोकंपट्टी करण्यापेक्षा कारण समजून घे. जांभळ्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ते पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. जांभळीनंतर लाल नळी भरली आणि ईडीटीएचा थेंबभर अंश सुईतून पुढे गेला, किंवा कुणी ‘रक्त कमी पडलं’ म्हणून जांभळीतलं लालमध्ये ओतलं, की रिपोर्टात पोटॅशियम भयंकर वाढलेलं आणि कॅल्शियम खूप घटलेलं दिसतं. ही जोडी एकत्र दिसली तर पेशंटच्या हृदयाची काळजी करत असतानाच नळीचीही चौकशी करायची.

निळ्या नळीत एक भाग सायट्रेट (हेही गोठणं थांबवणारं) आणि नऊ भाग रक्त हे प्रमाण ठरलेलं असतं. नळी अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच लांबलेला दिसतो. फुलपाखरू सुई वापरली आणि निळी नळी पहिली असेल तर सुईच्या लांब नळकांडीतली हवा आधी आत जाते आणि ती भरत नाही. म्हणून तिथे आधी एक नळी फुकट घालवायची. नवख्यांना ती उधळपट्टी वाटते. भरल्यावर निळी तीन-चार वेळा, लाल-पिवळी पाचेक वेळा, बाकीच्या आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करायच्या. झटकायच्या नाहीत, पेशी फुटतात आणि सीरम लालसर होतं. पेशीतलं पोटॅशियम बाहेर येतं, तसंच एलडीएच आणि एएसटी ही पेशींतली एन्झाइमंही वाढतात.

दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाच्या आत सोडायचा. जास्त वेळ राहिला तर पाणी शिरेबाहेर जातं आणि प्रथिनं, कॅल्शियम वाढलेलं दिसतं. पेशंटला मूठ वारंवार उघडझाप करायला लावली तर पोटॅशियमही वाढतं. आणखी एक फसवं पोटॅशियम असतं. सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेली नळी कुणी काळजीपोटी फ्रिजमध्ये ठेवली, तर थंडीने पेशींतले पंप मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सीरम मात्र स्वच्छ पिवळं दिसतं, त्यामुळे संशय येत नाही. साखरेचं उलट: पेशी नळीतही साखर खात राहतात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के. करड्या नळीतलं फ्लोराइड ते थांबवतं, पण पूर्ण थांबायला एक-दोन तास जातात. म्हणून करडी आहे म्हणून खिशात घालून चहाला जायचं नाही.

लाल नळी फिरवायच्या आधी अर्धा तास उभी राहू दे. घाई केली तर गुठळी पुरती होत नाही आणि फायब्रिनचे धागे यंत्राच्या सुईत अडकतात. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवायच्या. पाणी भरलेली जोडीची नळी चालते, पण वजन जुळलं पाहिजे, उंची जुळून भागत नाही. आणि प्रोटोकॉलात लिहिलेलं ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) आणि यंत्रावरचे फेरे एकच समजू नकोस. रोटरची, म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या भागाची, त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घे, तिला मिनिटातल्या फेऱ्यांच्या वर्गाने गुण आणि मग ०.००००१११८ ने. १० सेंटिमीटरच्या रोटरला ३००० फेरे म्हणजे सुमारे १००६ जी, १६ सेंटिमीटरच्याला तेवढेच फेरे म्हणजे सुमारे १६१० जी. दुसऱ्या लॅबची पद्धत उचलली आणि निकाल जुळेना, तर आधी हे बघायचं.

सुई टोचली तर काय, असं तुझी आजी विचारत होती म्हणे, म्हणून इथेच लिहिते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, तिथेच अनेकांना टोचतं. सुई थेट कडक डब्यात टाकायची, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, ब्लीच लावायचं नाही. लगेच वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन असते. प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी चा धोका याहून कितीतरी जास्त असतो. लाजेने संध्याकाळपर्यंत गप्प बसणं हेच यातलं सगळ्यात वाईट.

वॉर्डात गेलास तर प्रत्येक पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात साफ करायचे, त्याच्या खाटेला किंवा टेबलाला हात लागल्यावरही. अल्कोहोलचा रब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या पेशंटकडे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसील या जिवाणूचा संशय असेल तर साबण-पाणीच, त्याच्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही. ऑपरेशन बघायला नेलं तर पोटभर नाश्ता करून जा, गुडघे ताठ करून उभा राहू नको. चक्कर येतेय असं वाटलं तर निर्जंतुक कापडांपासून मागे हो आणि जमिनीवर बस. लाज वाटू देऊ नकोस, टेबलावर पडण्यापेक्षा ते बरं.

संशोधन विभागात वेग वेगळा असतो. तिथे पहिला आठवडा पिपेटचा, म्हणजे थोडासा द्रव मोजून घ्यायच्या साधनाचा. त्याच्या बटणाला दोन थांबे असतात आणि टोकाला प्लॅस्टिकची टिप लावतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाब, टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडव, सावकाश सोड. ढकलताना दुसऱ्या थांब्यापर्यंत. टिप एकदा द्रवाने ओली करून मग मोजून घे. सीरम चिकट असतं, त्यासाठी उलटी पद्धत: दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून भर, पहिल्यापर्यंतच सोड, उरलेलं टाकून दे. भरलेलं पिपेट आडवं ठेवायचं नाही, द्रव आत जातो. हात बसलाय की नाही हे बघायला तराजूवर पाणी मोज: १०० मायक्रोलिटर म्हणजे सुमारे १०० मिलिग्रॅम. दहा वेळा कर आणि आकडे लिहून काढ. सरासरी बरोबर येऊन आकडे विखुरलेले असतील तर दोष बहुधा हाताचा. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर पिपेट कॅलिब्रेशनला दे.

९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर मध्येच कुणी हाक मारली की आपण कुठल्या वेलवर होतो ते विसरतं. टिपांचा डबा प्लेटसारखाच, ८ बाय १२ चा असतो. तो प्लेटच्याच दिशेने ठेव आणि त्याच क्रमाने टिप उचल. रिकामी जागा तुला सांगेल कुठवर आलास ते. आणि शेवटचं, रंग येणं थांबवणारं द्रावण ज्या क्रमाने रंग आणणारं द्रावण घातलंस त्याच क्रमाने, त्याच वेगाने घाल, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या वेलला वेगवेगळा वेळ मिळतो.

उणे ८० अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या नळीवर साधा मार्कर चालत नाही, अल्कोहोलचा बोळा फिरला की नंबर गायब होतो. थंडीत टिकणारी लेबलं वापर. नंबर टोपणावर लिही आणि नळीवरही, कारण टोपणं अदलाबदल होतात. नमुना छोट्या छोट्या भागांत गोठव, म्हणजे दरवेळी सगळा वितळवावा लागत नाही. ९ बाय ९ च्या डब्यात ८१ जागा असतात. कुठल्या जागी काय आहे याचा नकाशा आधी कागदावर काढ, मगच दार उघड.

अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसांशी बोलायची वेळ येईल. संमती घेण्याचं काम तुझ्या नावावर लेखी सोपवलेलं नसेल तर तू ते करायचं नाही, कुणी ‘फक्त सही तर घ्यायचीय’ म्हटलं तरी. संमतिपत्राची चालू आवृत्तीच वापरली आहे ना, आणि सहीची वेळ पहिल्या नमुन्याच्या आधीची आहे ना, हे बघणं मात्र तुला जमेल. दहा मिनिटांनी मागेपुढे झालं तरी तो नियमभंग म्हणून नोंदवावा लागतो. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनाला घेतल्या गेल्या. हेला नावाने त्या आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतात, कदाचित तुझ्या इनक्युबेटरमध्येही असतील. दुसऱ्या पेशींच्या बाटलीत त्या शिरल्या तर तिचाच ताबा घेतात, म्हणून एका वेळी एकाच पेशीप्रकाराची बाटली उघडायची. पेशंटचं नाव, फोटो, लिफ्टमधल्या गप्पा याबद्दल तुला काही सांगायची गरज नाही असं धरते.

नोंदवहीत शाईने, त्याच दिवशी, त्याच वेळी लिहायचं. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. पांढरी शाई नाही. बॅच नंबर, कालबाह्यतेची तारीख, खोलीचं तापमान हे त्या दिवशी फालतू वाटतं. तीन आठवड्यांनी निकाल बिघडला की उत्तर त्यातच सापडतं.

शेवटचा सापळा तक्त्याचा. एक्सेल उघडून आकडे भरले की ते हुशारी करतं. ००४७१ हा क्रमांक ४७१ होतो. पंधरापेक्षा जास्त अंकांचा क्रमांक शेवटी शून्यं होऊन बसतो. सेप्ट१ आणि मार्च१ ही जनुकांची नावं तारखा होतात. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली, यावरून हा त्रास किती मोठा होता ते समज. म्हणून भरण्याआधी रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरव. रिकामं, शून्य आणि ‘यंत्राला मोजता आलं नाही इतकं कमी’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हींना वेगळी खूण दे. एकक रकान्याच्या डोक्यावर लिही: ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखर म्हणजे ५ मिलिमोल प्रति लिटर, आणि दोन ठिकाणांहून आलेला डेटा एकत्र केला की हा घोळ ठरलेलाच. एकच रकाना निवडून क्रम लावला तर प्रत्येकाचा आकडा दुसऱ्याच्या ओळीत जातो आणि तक्ता दिसायला अगदी व्यवस्थित राहतो. मूळ फाईल कधी उघडून बदलायची नाही, प्रत काढून काम करायचं.

चूक झाली तर सांगताना कारणं आधी देऊ नकोस. ‘चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या वेलमध्ये दोनदा द्रावण गेलं, बाकी प्लेट ठीक आहे’ एवढं वाक्य पुरतं. लगेच कळलं तर एक वेल टाकावी लागते, महिन्याने कळलं तर अख्खी प्लेट.

शोधनिबंधात नाव येईल का, हे पहिल्याच महिन्यात सरळ विचार. नुसते नमुने फिरवल्याने लेखक होता येत नाही, आभारात नाव येतं. लेखनात आणि विश्लेषणात भाग हवा असेल तर तसं काम मागून घ्यावं लागतं. आणि निघण्याआधीच्या आठवड्यात नवं काही सुरू करू नको. डब्यांचे नकाशे, अर्धवट राहिलेले नमुने, फाईली कुठे आहेत, हे दोन पानांत लिहून दे आणि पुढच्या मुलासमोर बसून वाचून दाखव.

तुझ्या तिसऱ्या डोसची तारीख जुन्या फाईलमध्ये सापडली नाही. कार्ड तुझ्याकडे असेल तर फोटो पाठव. नसेल तर उद्याच टायटरला, म्हणजे अँटीबॉडीच्या पातळीच्या तपासणीला, रक्त देऊन ये, रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील आणि सोमवारी तुला कागद जमा करायचे आहेत.

तुझी,
आई